गाडी उचलली, तरी स्प्रिंग दाबलेलीच

मालवणहून तारकर्ली मागे टाकून देवबागकडे निघालं की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला कर्लीची खाडी अशी सोबत सुरू होते. मधली जमीन पुढे पुढे निमुळती होत जाते आणि संगमापाशी संपते. पलीकडे भोगवे. या पट्टीवर वारा कुठूनही आला तरी खाऱ्या पाण्यावरूनच येतो. माडांना तो मानवतो, गाड्यांच्या लोखंडाला मात्र नाही.

पर्यटन वाढलं तशा इथल्या अंगणांतल्या गाड्याही वाढल्या. होमस्टेवाल्यांच्या ईको, पर्यटकांना स्टेशनावरून आणणाऱ्या भाड्याच्या गाड्या, गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईहून भरगच्च सामान लादून येणारे चाकरमानी. यांतली एखादी गाडी बिघडली की काम माडाखालच्या अंगणात नाहीतर रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजात होतं. तिथे पाने असतात, जॅक असतो, वेल्डिंगचं मशीनही असतं. स्प्रिंग दाबून धरणारं टूल, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, मात्र बहुधा नसतं. पुढच्या चाकाची स्प्रिंग तुटली आणि हे टूल हाताशी नसलं तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. या एका कामात मेस्त्रींचा वर्षानुवर्षांचा अनुभवही फसू शकतो, आणि त्याचं कारण गाड्यांच्या बदललेल्या रचनेत आहे.

आधी स्प्रिंग का तुटते ते पाहू. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. म्हणजे किनाऱ्यावर गाडीच्या पोटाखाली बसलेला मिठाचा पातळ थर वर्षातला बहुतेक काळ ओलाच राहतो. अंगण कोरडं दिसलं तरी लोखंड ओलं असतं.

गाडीची स्प्रिंग साध्या लोखंडाची नसते. सिलिकॉन-क्रोमियमसारख्या पोलादाची तार गरम करून गुंडाळतात, तिला कडकपणा देतात, मग बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग घट्ट दाबून घेतात आणि वरून इपॉक्सीचा थर चढवतात. स्प्रिंग लाखो वेळा दबून सुटते तरी तुटत नाही, ती या पृष्ठभागाच्या जोरावर. रस्त्यावरचा एखादा खडा उडून वरचा थर टवकला की मीठ-पाण्याला दार उघडं होतं. तिथे गंजाचा बारीक खळगा पडतो, गोळ्यांच्या माऱ्याने घट्ट झालेली कातडी तो खाऊन टाकतो, आणि सगळा ताण त्या खळग्याच्या टोकाशी एकवटतो. पोलाद जितकं कडक तितकी अशा खळग्यातून भेग पळायची शक्यता अधिक. बहुतेक स्प्रिंगा सर्वांत खालच्या वेढ्यात तुटतात, कारण खालच्या थाळीसारख्या सीटमध्ये वाळू साचते आणि वाळू ओल धरून ठेवते.

तुटलेली स्प्रिंग लगेच कळते असं नाही. गाडी एका कोपऱ्याला किंचित बसलेली दिसते, स्टिअरिंग पूर्ण वळवताना ‘टक्’ असा आवाज येतो, खड्ड्यात पुढून खडखडतं. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. ठळक फरक असेल तर टॉर्च घेऊन खालचा वेढा पाहा. तुटलेलं टोक टायरच्या अगदी जवळ असतं आणि ते बाहेर सरकलं तर चालत्या गाडीचा टायर फाडू शकतं. म्हणून तुटलेली स्प्रिंग सापडली की गाडी जागेवरच ठेवावी. ‘मालवणापर्यंत जाईल हळूहळू’ हा हिशेब त्या अरुंद रस्त्यावर करू नये.

आता मुख्य मुद्दा. गाडी जॅकवर चढते, चाक निघतं, गंजलेली स्प्रिंग समोर दिसते. मालक विचारतो, “मेस्त्रीनू, आज व्हतला मां?” आणि मेस्त्री म्हणतात, “टूल नाय, तरी करूया. काय होवचा नाय.” हे उत्तर उगाच आलेलं नसतं. त्यामागे गाड्यांच्या एका अख्ख्या काळाचा अनुभव असतो.

तो काळ पाट्यांचा, म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचून केलेल्या स्प्रिंगांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या जीपला चारी बाजूंना पाटे होते. एसटीच्या गाड्या आणि ट्रक पाट्यांवरच चालत आले. ॲम्बॅसेडरला मागे पाटे आणि पुढे पिळाची दांडी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत कोकणी माणसांनी आयुष्यं काढली त्या प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉईल स्प्रिंगा होत्या, पण मागे पाटेच. पाट्याचं काम करताना चासी उचलून टेकवली, अ‍ॅक्सल खाली येऊ दिला, की पाट्यावरचा भार उतरतो. उरतो तो पानांमधला थोडासा ताण. सेंटर बोल्ट काढताना शिकंजा लावला नाही तर तोही झटका देतो, आणि जुने मेस्त्री ते जाणतात. पण गाडी उचलली की स्प्रिंग सैल होते, हा त्यांचा नियम पाट्यांच्या बाबतीत जवळजवळ खरा होता. हाताखालच्या पोरांना त्यांनी तोच शिकवला.

मग रचना बदलली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका छोट्या, स्वस्त गाडीसाठी पुढच्या चाकाची नवी मांडणी योजली. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५०च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांमध्ये त्यांची मांडणी रस्त्यावर उतरली. शॉकअप हाच चाकाचा उभा खांब, त्याच्याभोवती स्प्रिंग, वर एक रबरी माउंट आणि बेअरिंग. भाग कमी, वजन कमी, जागाही कमी. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवायची असतील तर याहून सोयीचं काही नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ही मांडणी आपल्या घरोघरी पोचली. आज देवबागेत उभ्या असलेल्या छोट्या गाड्यांपैकी बहुतेकींच्या पुढच्या चाकांशी हाच खांब आहे. गॅरेजात त्याला शॉकअपच म्हणतात.

या खांबात जुना नियम लागू पडत नाही. गाडी उचलली, चाक लोंबकळलं, तरी स्प्रिंग सैल होत नाही. शॉकअपचा दांडा ठरावीक लांबीपर्यंतच बाहेर येतो आणि स्प्रिंगची मोकळी लांबी त्याहून जास्त असते. मुद्दामच तशी ठेवलेली असते, नाहीतर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर स्प्रिंग आपल्या सीटवरून सरकेल. म्हणून खांब गाडीतून काढून बाकावर आडवा ठेवला तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, दांड्याच्या टोकावरचा मधला नट. बॉनेट उघडलं की शॉकअपच्या घुमटावर तोच ठळक दिसतो आणि त्याच्याच भोवती बॉडीला धरणारे दोन किंवा तीन छोटे नट असतात. बाहेरचे नट काढले तर खांब गाडीतून सुटतो. मधला काढला तर स्प्रिंग सुटते. सगळा धोका या एका फरकात आहे.

किती जोर असतो तो? रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली स्प्रिंगचा नियम उलगडून छापला: जितकी दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट ढकलते. त्याआधी दोन वर्षं त्यांनी तो अक्षरांच्या कोड्यात लपवून जाहीर केला होता, शोध आपल्या नावावर राहावा म्हणून. त्यातून निघणारी गोष्ट अशी की साठलेली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट दाबली की चौपट. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगसाठी उदाहरणादाखल दर मिलिमीटरला २० न्यूटन असा कडकपणा धरू. खांबात ती १०० मिलिमीटर दाबून बसली असेल तर जोर २,००० न्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोंचा भार, आणि साठलेली ऊर्जा १०० जूल. मधला नट मोकळा करण्यासाठी आणखी ५० मिलिमीटर दाबली तर जोर ३०० किलोंचा आणि ऊर्जा २२५ जूल. सोडणासकट दीड किलोचा नारळ पंधरा मीटर उंच माडावरून पडला तर जमिनीला जेवढा दणका देतो, तेवढी ही ऊर्जा. माडाखाली कुणी डोकं ठेवून झोपत नाही, हे देवबागेत लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

शिवाय नारळ खाली येतो हे ठाऊक असतं. स्प्रिंग कुठल्या दिशेला जाईल ते ठाऊक नसतं. १०० जूल ऊर्जा तीन किलोंच्या लोखंडाला मिळाली तर ते ताशी जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने सुटतं, २२५ जूलला ताशी ४४. सुटण्याची ही क्रिया सेकंदाच्या चाळिसाव्या भागात आटोपते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे ‘हात मागे घेईन’ या भरवशाला काही अर्थ नाही. नट फिरवणारा माणूस बहुधा त्यावर वाकलेला असतो, म्हणजे तोंड, गळा आणि मनगट स्प्रिंगच्या अक्षावरच असतात. अशा कामात जबडे मोडले आहेत, बोटं गेली आहेत, जीवही गेले आहेत.

टूल नसताना जे उपाय सुचतात ते एकेक करून पाहू. ते वेडगळ नसतात. प्रत्येकात काहीतरी तर्क असतो, आणि म्हणूनच ते कुठे फसतात हे कळायला हवं.

किनाऱ्यावर पहिला सुचतो तो दोर. गाडी जमिनीवर असताना तिच्या वजनाने स्प्रिंग दाबलेली असते. त्याच अवस्थेत वेढे होडीच्या नायलॉन दोराने करकचून बांधायचे आणि मग गाडी उचलायची, अशी युक्ती. पण नायलॉन ताणला की लांबतो, तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून जास्त. म्हणजे स्प्रिंग दोराच्या ताणात सरकते आणि दोरातही ऊर्जा साठते. गाठीपाशी दोराची ताकद पुष्कळदा निम्म्यावर येते. गंजलेल्या तारेची कड दोर कापते. हे सगळं निभावलं तरी शेवटी दोर सोडायचा कसा, हा प्रश्न उरतोच. गाठ सैल करता येत नाही, कापावी लागते, आणि कापल्या क्षणी सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. रापण ओढणाऱ्यांना, ट्रॉलरवर काम केलेल्यांना ताणलेला दोर तुटला की तो काय करतो ते चांगलं माहीत आहे. त्यांना हे पटवायला वेळ लागणार नाही. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बांधकामाची तार तर या यादीतही येऊ नयेत.

दुसरा उपाय जास्त फसवा आहे, कारण तो खऱ्या टूलसारखाच दिसतो. घराच्या बांधकामातल्या उरलेल्या सळईला आटे पाडायचे, टोकं आकड्यासारखी वाकवायची आणि नट फिरवून स्प्रिंग आवळायची. सरळ ओढीत १० मिलिमीटरची सळई ३०० किलो सहज पेलते, म्हणून विश्वास बसतो. पण आकडा स्प्रिंगची तार धरतो ती सळईच्या रेषेपासून अडीच सेंटिमीटर बाजूला. त्यामुळे सळईवर ओढीबरोबर वाक येतो. दोन सळयांत भार वाटला, प्रत्येकीवर १,५०० न्यूटन आले, तर या वाकाने १० मिलिमीटर सळईत निर्माण होणारा ताण प्रति चौरस मिलिमीटर ३८० न्यूटनांच्या घरात जातो. साध्या मऊ लोखंडाची सळई २५०लाच कायमची वाकायला लागते. ‘आमची टीएमटी आहे, ५००ची’ असं कुणी म्हणेल. टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कड्यात असते आणि आटे पाडताना नेमकं तेच कडं कापलं जातं. शिवाय आट्यांच्या खाचेत जाडी कमी होऊन ताण ७००च्या जवळ पोचतो. भर म्हणजे स्प्रिंगची तार गोल, गुळगुळीत आणि चढणीला असते. गोल सळईचा आकडा त्या चढणीवरून सरकतो. खऱ्या कॉम्प्रेसरच्या आकड्याला खोबण असते, तार निसटू नये म्हणून पिन असते आणि आकडा घडाईचा, रुंद असतो. वेल्डिंगची दुकानातली नक्कल त्याच्या जवळ जात नाही.

तिसरा, गॅसकटरने स्प्रिंग कापून काढणं. दाबलेली स्प्रिंग ज्या क्षणी तुटते त्या क्षणी तिची दोन्ही टोकं उडतात, आणि शेजारी शॉकअपची बंद नळी असते; तिच्यात तेल आणि पुष्कळ गाड्यांत दाबाखालचा नायट्रोजन. त्यावर ज्योत धरणं म्हणजे दुसरा धोका आपणहून ओढवून घेणं. आणि चौथा, सगळ्यांत साधा, म्हणून सगळ्यांत वाईट: बॉनेट उघडून एअर गनने मधला नट उडवायचा. याबद्दल लिहायला फार काही नाही. हे करू नये.

मग टूलशिवाय करण्यासारखं काही आहे का? आहे, आणि ते चांगलं आहे. स्प्रिंग उघडायचीच नाही. अख्खा खांब, स्प्रिंग आत घट्ट बसलेली तशीच ठेवून, गाडीतून उतरवायचा आणि ज्याच्याकडे चांगला कॉम्प्रेसर आहे अशा मालवणच्या किंवा कुडाळच्या वर्कशॉपात तेवढाच न्यायचा. खांबाचं वजन दहा किलोंच्या आत-बाहेर असतं. रिक्षाने जातो, कुणाच्या डिकीत जातो. मधल्या नटाला हात न लावता केलेलं हे काम अंगणात होऊ शकतं, आणि त्यातला धोका स्प्रिंगचा नसून गाडी पडण्याचा असतो.

तो धोका देवबागेत इतर गावांपेक्षा मोठा आहे, कारण पायाखाली वाळू आहे. जॅकच्या छोट्या तळाखाली वाळू सरकते, जॅक तिरका होतो आणि गाडी हळूच बाजूला घसरते. काम सिमेंटच्या कोब्यावर करा. नसेलच तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड, रुंद फळी किंवा फरशी बसवून ती हलत नाही हे आधी भार देऊन पाहा. आणि जांभ्याचे चिरे लावू नका. कोकणात घराभोवती चिऱ्यांचा ढीग असतोच, त्यामुळे गाडीखाली दोन चिरे सरकवणं फार सोपं वाटतं. भारतीय मानकात चिऱ्याची किमान दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर ३.५ न्यूटन धरली आहे. भिंतीत भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणून तेवढी पुरते. पण गाडीच्या एका कोपऱ्याचे सव्वादोनशे किलो पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर येतात. पाच मिलिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब कड धरली तर दाब साडेचारपर्यंत जातो. चिरा आधी काहीच सांगत नाही, मग एकदम भुगा होतो. माडाचा ओंडका लोळतो, चिरफळतो. लोखंडी स्टँडच हवेत, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी, आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर. काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवावं. स्टँड दगा देईल तेव्हा ते आडवं येतं.

पुढचं काम तसं सरळ आहे. चाक काढलं की आधी शॉकअपला चिकटलेली ब्रेकची होस आणि एबीएसची वायर क्लिपांमधून सोडवून घ्यायची. लिंक रॉड असेल तर त्याचा नट. इथे किनाऱ्यावरचे नट सहसा सहज निघत नाहीत. गंज सैल करणारा स्प्रे आदल्या संध्याकाळी मारून ठेवला तर सकाळी निम्मं भांडण मिटलेलं असतं. मग खाली, चाक ज्यावर बसतं त्या नकलला शॉकअप धरणारे दोन मोठे बोल्ट. ते काढण्याआधी नकल आणि शॉकअप यांच्या जोडावर, बोल्टच्या डोक्यापाशी टोकदार खिळ्याने खूण करून ठेवा. पुष्कळ गाड्यांत चाकाचा उभा कल तिथेच ठरतो आणि खूण नसेल तर तो हरवतो. बोल्ट सुटले की नकल बाहेर कलंडते. ती तशीच लोंबू दिली तर ब्रेकची होस ताणली जाते आणि आतला अ‍ॅक्सल जॉइंटमधून ओढला जाऊ शकतो, म्हणून नकल तारेने किंवा दोराने वर बांधून ठेवायची. या कामाला दोर चालतो. शेवटी एका माणसाने खालून खांब हाताने पेलायचा आणि दुसऱ्याने बॉनेटखालचे बाहेरचे छोटे नट काढायचे. मधल्या नटावर सुरुवातीलाच खडूने फुली मारून ठेवावी, किंवा चिकटपट्टीने तो झाकून टाकावा. गडबडीत चुकीच्या नटावर पाना बसण्याची हीच जागा आहे.

एक गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला असेल तर खांबातल्या स्प्रिंगचा ताण थोडा कमी झालेला असतो, पण संपलेला नसतो, आणि ती सीटवर वाकडी बसलेली असते. असा खांब हाताळताना तो आपल्याकडे रोखलेला नको. जुन्या गोणपाटात किंवा जाड ताडपत्रीत गुंडाळून, आडवा ठेवून न्यावा आणि वर्कशॉपात देताना ‘स्प्रिंग तुटलेली आहे’ हे तोंडाने सांगावं. मधला नट गंजून बारीक झालेला दिसला तर आणखी आवर्जून.

मागच्या चाकांची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे जुन्या मेस्त्रींचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, म्हणजे टॉर्शन बीम असतो. स्प्रिंग बीम आणि बॉडी यांच्या मधे नुसती बसवलेली असते आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा उभा असतो. तिथे स्प्रिंगला नट-बोल्ट नसतो. बीम पुरेसा खाली आला की ती सैल होते. बॉडी स्टँडवर पक्की करायची, जॅक बीमखाली लावून बीम किंचित उचलून धरायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि मग जॅक अगदी सावकाश उतरवायचा. इथे गाडीची स्वतःची रचनाच कॉम्प्रेसरचं काम करते. उतरवताना नजर ब्रेकच्या होसवर आणि वायरवर हवी. त्या ताणल्या जाताहेत असं दिसलं की थांबून आधी क्लिप सोडवायच्या. स्प्रिंगच्या वेढ्यातून साखळी ओवून ती बॉडीच्या मजबूत भागाला सैल बांधून ठेवली तर स्प्रिंग सटकली तरी दूर जात नाही. उभं राहायचं बाजूला, मागच्या बंपरसमोर नाही. बीम पूर्ण खाली आल्यावर स्प्रिंग हाताने फिरू लागली तर ती काढायला योग्य झाली. फिरत नसेल, तर पहारीने उचकटायची नाही. काहीतरी अजून अडकलेलं असतं, ते शोधायचं. वेढ्यांच्या मधे बोटं कधीच घालू नयेत.

हीच रीत पुढच्या चाकांना लावता येईल असं वाटू शकतं. पुढे खांब असेल तर नाही, याची कारणं वर आलीच. आणि ज्या गाड्यांना पुढे दोन आर्म आणि त्यांच्या मधे जाड स्प्रिंग असते, तिथे जोर छोट्या गाडीच्या कितीतरी पट असतो. जॅकच्या भरवशावर लोअर आर्म उतरवणारे लोक आहेत. जॅक निसटला की आर्म आणि स्प्रिंग दोन्ही एकदम येतात. ते काम टूल असलेल्यांनाच द्यावं.

वर्कशॉपात नेलेल्या खांबाचं पुढे काय होतं हेही पाहून घ्यावं, म्हणजे कुठे काम नीट होतं ते ओळखता येतं. दोन आकड्यांचा कॉम्प्रेसर असेल तर आकडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लागलेले असावेत आणि शक्य तितके जास्त वेढे त्यांच्या कवेत यावेत. दोन्ही स्क्रू हाताच्या पान्याने, आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. एकच बाजू आवळत गेलं तर स्प्रिंग एका अंगाला वाकते आणि आकडा चढणीवरून घसरतो. एअर गन इथेही नको, घर्षणाने आटे तापून चिकटतात. आट्यांना ग्रीस असावं. वरची सीट हाताने हलू लागली की मगच मधला नट काढतात, त्याआधी नाही. दाबलेली स्प्रिंग बाकावर तशीच सोडून जेवायला जाणारं वर्कशॉप दिसलं तर आपला खांब उचलून दुसरीकडे जायला हरकत नाही.

स्प्रिंग बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम. एक नवी, एक दमलेली असेल तर गाडी तिरकी बसते, आणि ज्या मिठाने एक खाल्ली त्याने दुसरीही अर्धी खाल्लेली असते. रबरी माउंट आणि बेअरिंग पाहूनच परत बसवावं. स्प्रिंगचं टोक सीटमधल्या पायरीला टेकलेलं हवं. परत बसवताना मधला नट नवा, नकलचे बोल्ट आधीच्या खुणेवर, आवळणी कंपनीने दिलेल्या मापाने. मग व्हील अलाइनमेंट. किनाऱ्यावर सोय नसेल तर कुडाळपर्यंत जाणं भाग आहे, टायर वाचवायचे तर.

नवी स्प्रिंग टिकवायची असेल तर समुद्राच्या वाळूत गाडी नेणं सोडा, आणि पंधरवड्यातून एकदा तरी चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा फवारा मारा. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर त्याने धुण्यात फायदा नाही, उलट मीठच चढतं. खालच्या सीटला पाणी निथळायला भोक असतं. ते वाळूने बुजतं. तारेने मोकळं करायला मिनिटभर पुरतं, आणि माझ्या मते या सगळ्या देखभालीतलं सर्वांत मोलाचं मिनिट तेच.

आणि कॉम्प्रेसर? गावात इतक्या भाड्याच्या गाड्या असताना एखादा चांगला जोड सामाईक घेऊन ठेवणं अवघड नाही. होमस्टेवाल्यांनी आणि रिक्षावाल्यांनी मिळून वर्गणी काढली तरी जमेल. घेताना घडाईचे रुंद आकडे, तार अडकवायच्या पिना, किती भार पेलतो त्याचा कोरलेला आकडा, एवढं पाहावं. भाराचा आकडा नसलेला जोड घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी. आणि तो ठेवायचा कोरड्या जागी, आट्यांना ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. नाहीतर दोन पावसाळ्यांत टूलचीच अवस्था स्प्रिंगसारखी होईल, आणि गंजलेल्या आट्यांचा कॉम्प्रेसर वापरण्यापेक्षा खांब रिक्षात घालून मालवणला पाठवलेला बरा.